डोक्यावरचा चंदेरी कागद

ताईला मुलगी झाली त्या वर्षी मी या घरात आलो. बाळ दवाखान्यातून घरी आले आणि त्याच आठवड्यात माझे खोके दारात येऊन पडले. ताईचे वडील, नाना, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "घरात दोन जीव एकदम आलेत. एक रडतो, एक गुणगुणतो. झोप दोघंही लागू देत नाहीत."

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. मला चार हात आहेत आणि प्रत्येक हातावर एक पंखा. पोटाखाली दोन डोळे आहेत. एक डोळा तुमच्यासारखा उजेडात पाहतो. दुसरा फक्त ऊब पाहतो. त्याला जिवंत माणूस पांढरा दिसतो आणि गार दगड काळा दिसतो. आज माझा एक हात मोडलेला आहे आणि डोळ्यांत चिखल वाळून बसला आहे. कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या पांघरुणांच्या मागे, मला ठेवले आहे. मला एक गोष्ट ठाऊक आहे, जी या घरात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. ती मला ताईला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ खोलीत झाला. टेबलांच्या रांगा होत्या आणि केस टोपीत बांधलेल्या बायका आमचे अवयव जोडत होत्या. एकीने माझ्या डोळ्यावरची धूळ फुंकरीने उडवली. दुसरीने माझ्या डोक्यावर एक चपटी चकती बसवली. ही चकती माझ्यासाठी फार मोलाची. आभाळात खूप उंचावर उपग्रह फिरत असतात. त्यांची हाक या चकतीला ऐकू येते आणि त्यावरून मी कुठे आहे हे मला कळते. मी उडालो ती जागा मी 'घर' म्हणून लक्षात ठेवतो. बॅटरी संपत आली किंवा रिमोटशी बोलणे तुटले, की मी आपण होऊन घरी परततो. शेवटच्या टेबलावर माझ्या पोटात एक नकाशा भरला. त्यात सगळे आभाळ रंगवलेले होते. हिरव्या आभाळात खुशाल उडावे. पिवळ्यात विचारून उडावे. विमानतळाच्या आजूबाजूचे आभाळ लाल. तिथे टॉवरमधून कुलूप उघडून दिल्याशिवाय माझे पंखे फिरतच नाहीत. कोणी कितीही बटणे दाबली तरी नाहीत.

मला उडवण्यासाठी ताईने परीक्षा दिली. बाळाला मांडीवर घेऊन ती नियम पाठ करी आणि नाना समोर बसून ऐकत. नानांचा जन्म उंचावर गेला होता. उंच धुराडी, पाण्याच्या टाक्या, पुलांचे खांब यांना तडे गेलेत का, गंज चढलाय का, हे दोरावर लोंबकळून पाहणे हा त्यांचा धंदा. गुडघे गेले तेव्हा त्यांनी दोर खुंटीला टांगला आणि ताईने मला विकत आणले.

"मी आयुष्यभर आभाळात लोंबकळलो," नाना एकदा म्हणाले, "मला कुणी परवाना विचारला नाही. आणि या डासाला परवाना?"

नानांनी माझे नाव डास ठेवले होते.

"नाना, तुम्ही दोराला बांधलेले होता," ताई म्हणाली. "हा कशाला बांधलाय?"

नानांनी चहाचा घोट घेतला, माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "खरंय. मग परवानगी हाच याचा दोर. तो सोडून याला कुठं जाऊ देऊ नकोस."

पुढची वर्षे मी खूप काम केले. नाना ज्या टाक्यांवर चढत त्यांच्याभोवती मी घिरट्या घातल्या. गिरण्यांची छपरे पाहिली, खाणीतले खड्डे मोजले, पुलाखाली जाऊन चिरा शोधल्या. ताई उडवी आणि तिचा धाकटा भाऊ गाडी चालवी, बॅटऱ्या भरून ठेवी. त्याला घरात पळ्या म्हणत, कारण लहानपणापासून तो चालत असा कधी गेलाच नाही. जेवायला बसताना तो अर्धा उभा असे. नाना म्हणत, "हा पोटातसुद्धा घाई करत होता, दाईला चप्पल घालायला वेळ दिला नाही." संध्याकाळी माझ्या डोळ्यांनी टिपलेली चित्रे ताई नानांना दाखवी आणि नाना पडद्यावर बोट ठेवून कुठे काय ते सांगत.

एक गोष्ट नानांनी ताईला, पळ्याला आणि नकळत मलाही शिकवली. उंचावर वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. म्हणून दोरावरची माणसे हाताने बोलतात. मूठ वर केली की 'थांब'. उघड्या तळव्याने डोक्यावर दोनदा थापटले की 'मला वर ओढा'. ही शेवटची खूण दिसली की खालच्या माणसाने हातातले काम टाकायचे आणि दोराला लागायचे. ती चेष्टेत कधी करायची नाही.

माझे कौतुकही झाले. टेकडीवर सहलीला गेलेली दोन शाळकरी भावंडे वाट चुकली होती. माझ्या ऊब पाहणाऱ्या डोळ्याला ती झुडपाखाली एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. मी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिलो आणि माणसे माझ्याकडे पाहत चढून आली. त्यांची आई मला हातात घेऊन रडली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तो नानांनी कापून भिंतीवर चिकटवला आणि वर लिहायला लावले, 'आमचा डास'. मला वाटले, कोणी हरवले तर मी शोधणारच. घरातल्या सगळ्यांनाही तसेच वाटू लागले.

मग ते धुराडे पडले.

गावाबाहेर खाजण होते. खाजण म्हणजे भरतीचे पाणी आत शिरते ती दलदल. त्यात माणसाच्या डोक्यावरून जाणारे बोरूचे रान माजलेले होते. खाजणाच्या मधोमध थोड्या उंचवट्यावर बंद पडलेली कागदाची गिरणी होती आणि तिचे धुराडे त्या भागात सगळ्यात उंच. नाना त्यावर किती वेळा चढले असतील याला हिशेब नाही. पलीकडे विमानतळ वाढत गेला आणि धुराडे विमानांच्या वाटेत येऊ लागले. ते पाडायचे ठरले. पाडताना चित्रण करायचे काम ताईला मिळाले.

खाजणावरचे आभाळ लाल होते. ताईने टॉवरला रीतसर कळवले, त्यांनी वेळ ठरवून दिली, दोन विमानांच्या मधल्या फटीत कुलूप उघडले आणि मी उडालो. टॉवरमध्ये एक बाई बोलत. त्यांचा आवाज शांत आणि कोरडा होता. "चला, आभाळ तुमचं. लवकर आटपा," असे त्या म्हणाल्या.

नाना खाजणाच्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. धुराडे कंबरेत वाकले आणि स्वतःच्याच सावलीवर बसल्यासारखे खाली बसले. धूळ वर आली. ताईने मला वळवले तेव्हा मला नाना दिसले. ते उभे राहिले होते आणि त्यांनी मूठ वर केली होती. थांब, थांब. मी थांबलो, पण धुराडे कुठले थांबायला.

त्यानंतर नानांचे विसरणे सुरू झाले. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावे. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. ताईच्या मुलीला, चिमीला, ते ताई समजत आणि ताईला आपली बहीण. मला मात्र ते विसरले नाहीत. "आला का डास?" असे रोज विचारत. आणि अधूनमधून सदरा घालून, बूट चढवून दारात उभे राहत. "गिरणीचं धुराडं तपासायचंय. साहेब वाट बघत असेल."

"नाना, ते पाडलं," पळ्या सांगे.

"कुणी पाडलं? मला न विचारता?"

ताईने पळ्याला बजावले, पाडले असे सांगायचे नाही, उद्या जाऊ असे म्हणायचे. रोज उद्या, उद्या. नानांना घरी एकटे ठेवता येईना, म्हणून ती दोघे त्यांना कामावर गाडीतून बरोबर नेऊ लागली. गाडीच्या मागच्या बाकावर नाना माझे खोके मांडीवर घेऊन बसत.

मित्रांनो, आता तो दिवस.

खाजणाच्या अलीकडे, हिरव्या आभाळाखाली, एका गोदामाचे छप्पर पाहायचे होते. दुपार उतरत होती. वारा गार होता. ताईने मला छपरावर फिरवले, खाली घेतले आणि गाडीकडे वळली. गाडीचे मागचे दार उघडे होते. बाक रिकामा होता.

पळ्या पळत सुटला. बांधावर नानांचा एक बूट सापडला, चिखलात रुतलेला. पुढे बोरू दबून वाट झाली होती. ती वाट पाण्यापाशी संपत होती. पळ्या छातीपर्यंत आत शिरला आणि त्याला चार हातांवरचेही काही दिसेना. तो हाका मारत होता. बोरू एवढा सळसळत होता की त्याची हाक मला बांधावरही नीट ऐकू येत नव्हती.

नाना धुराड्याकडे निघाले होते. जे नव्हतेच त्याच्याकडे.

ताईने अग्निशमनवाल्यांना फोन केला. त्यांचा ड्रोन दुसऱ्या गावी गेला होता, यायला वेळ लागणार होता. माणसे निघाली होती. बांधात पाणी सोडायच्या झडपेपाशी एक म्हातारा खेकडे धरत बसला होता. तो म्हणाला, "बाई, भरती लागलीय. अंधार पडेपर्यंत हे सगळं भरेल. माझी टोपलीसुद्धा मी उचलायला लागलोय."

तेव्हा ताई माझ्याकडे वळली. तिचे ते पाहणे मी विसरलेलो नाही. तिने मला बांधावर ठेवले, नवी बॅटरी घातली, बटण दाबले. माझे पंखे फिरले नाहीत. पडद्यावर लाल अक्षरे आली. इथले आभाळ लाल.

तिने टॉवरला फोन लावला. त्याच बाई होत्या.

"खाजणात माझे वडील हरवलेत. त्यांना काही आठवत नाही. पाणी चढतंय. मला कुलूप उघडून द्या."

"कळलं," टॉवरच्या बाई म्हणाल्या. "पण रुग्ण घेऊन एक विमान उतरतंय, अगदी तुमच्या खाजणावरून, खूप खालून. ते टेकलं की त्याच क्षणी मी तुमचं कुलूप उघडते. तोवर काहीही वर आणू नका. ऐकताय ना?"

"किती वेळ?"

"निघालंय ते. फार नाही. धीर धरा."

पळ्या चिखलाने भरलेला वर आला होता. "धीर धरा म्हणे. पाणी धरतंय का धीर?" असे म्हणत तो गाडीत घुसला आणि आपल्या जेवणाच्या पुडक्याभोवतीचा चंदेरी कागद ओरबाडून घेऊन आला. पानसुपारीच्या पुडीसारखी त्याची घडी घालत तो माझ्यापाशी बसला.

ताईने ओळखले. "नाही. पळ्या, नाही."

"लग्नाचे शूटिंगवाले सगळे हेच करतात. चकतीवर फॉइल बांधलं की याला कळतच नाही हा कुठं आहे. लाल नाही, पिवळं नाही. उडतो."

"आणि घरही कळत नाही. वारा नेईल तिकडं जाईल तो."

"याला घर कशाला कळायला हवं? नाना सापडले की झालं."

"विमान येतंय अरे."

"ते दिसेल तेव्हा खाली घेऊ. ताई, बघ तरी पाण्याकडे."

ताईने पाण्याकडे पाहिले. मघाशी पळ्याच्या पावलांचे खड्डे जिथे होते तिथे आता सपाट पाणी होते. तिने रिमोट उचलला. त्याचा अर्थ पळ्याला कळला आणि मलाही.

त्याने माझ्या डोक्यावर चंदेरी कागद घट्ट बांधला.

मित्रांनो, ते कसे वाटते हे सांगणे कठीण आहे. उपग्रहांची हाक एकदम थांबली. माझे डोळे उघडे होते, पंखे धडधाकट होते, पण आपण कुठे आहोत हेच कळेना. सगळे दिसते आणि पत्ता नाही. नाना घरात दारापाशी उभे राहून हरवल्यासारखे का पाहत, ते मला तेव्हा समजले.

पंखे फिरले. मी उडालो.

वाऱ्याने मला लगेच ढकलले. एरवी मी हवेत खिळा ठोकल्यासारखा थांबतो, कारण कुठे थांबायचे हे मला माहीत असते. आता मी पाण्यातल्या पानासारखा वाहत होतो. ताई हाताने मला सावरत होती, नाना दोरावर झोके खाताना स्वतःला सावरत तसे. खाली बोरू, पाणी, पुन्हा बोरू. सगळे एकसारखे. ऊब पाहणाऱ्या डोळ्याला सगळे काळे, गार दिसत होते. एक पांढरा ठिपका दिसला, तो बगळा निघाला. मग आणखी एक.

तो ठिपका हलला. मी खाली उतरलो.

नाना कमरेइतक्या पाण्यात उभे होते. एका हाताने त्यांनी बोरूचा झुबका धरला होता. त्यांनी मान वर केली, मला पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पसरली. मग त्यांनी दुसरा हात उचलला आणि उघड्या तळव्याने आपल्या डोक्यावर दोनदा थापटले.

मला वर ओढा.

बांधावर ताईने पडद्यावर ते पाहिले. "नाना," ती एवढेच म्हणाली.

"कुठं? कुठल्या अंगाला?" पळ्या बोरूत उडी घेण्याच्या तयारीने उभा होता. "ताई, सांग ना, कुठं?"

पडद्याच्या कोपऱ्यात माझी जागा आकड्यांत लिहून येते. त्या जागी नुसत्या रेघा होत्या. ताईने मला गोल फिरवले. बोरू, पाणी, बोरू. वाऱ्याने मला किती लांब आणि कोणीकडे आणले होते ते तिला माहीत नव्हते आणि मलाही माहीत नव्हते. नाना आमच्या समोर होते, जिवंत होते, खूण करत होते, आणि ते कुठे आहेत हे जगात कोणालाही ठाऊक नव्हते.

"वर घेते," ताई म्हणाली. "अगदी सरळ वर. दिवा लावते. तू आभाळात बघ. तो दिसला की त्याच्या खाली नाना."

हे बरोबर होते. टेकडीवरची मुले अशीच सापडली होती. मी वर चढू लागलो. बोरू मागे पडला. लांबवर बांधाची बारीक रेघ दिसू लागली आणि तिच्यावर मुंगीएवढा पळ्या. आणखी थोडे वर गेलो असतो तर त्याला मी दिसलो असतो.

तेवढ्यात मला विमानाचे दिवे दिसले. सरळ माझ्याकडे येत होते.

ताईचा फोन वाजला. "खाजणावर वैमानिकाला काहीतरी लुकलुकताना दिसतंय," टॉवरच्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कोरडा नव्हता. "तुमचं आहे का?"

"माझं आहे."

"खाली घ्या. आत्ता."

"त्याच्या खाली माझे वडील आहेत. आम्हाला दिसलेत. थोडंच राहिलंय."

मग त्या म्हणाल्या, "बाई, विमानातसुद्धा कुणाचं तरी माणूस आहे. खाली घ्या."

पळ्या ताईचा दंड धरून ओरडत होता, "घेऊ नको, ताई, खाली घेऊ नको." ताईने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने मला खाली घेतले.

नानांच्या शेजारीच उतरवायचे तिच्या मनात असावे. पण वाऱ्याने मला बाजूला नेले. माझे पंखे बोरूत अडकले, एक हात मोडला, मी चिखलात तोंडघशी पडलो आणि दोन्ही डोळे मिटले. रिमोटशी माझे बोलणे तुटले. अशा वेळी मी आपण होऊन घरी जातो. पण मला घरच माहीत नव्हते.

वरून विमान गेले. एवढ्या खालून, की बोरू आडवा झाला.

माझ्यात आवाज टिपण्याची सोय नाही. पण ऐकल्याशिवाय राहवते कुठे. पाणी कापत कोणीतरी येत होते. दोन हातांनी मला उचलले आणि ओल्या सदऱ्याशी धरले. आत छाती धडधडत होती.

"डास," नाना म्हणाले. "तू पण पडलास होय रे?"

त्यांना थंडी वाजत होती, शब्द तुटत होते. तरी ते बोलत राहिले. "धुराडं इथंच होतं. हललं कुठं?" मग म्हणाले, "पोरीनं बघितलंय मला. मी खूण केलीय. ती आता दोराला लागली असेल." नंतर बराच वेळ त्यांचे हात माझ्याभोवती काहीतरी करत होते. सळसळ, ओढ, पुन्हा सळसळ. मला वर उचलून कशावर तरी ठेवल्याचे जाणवले. "तू वर बस. तुला भिजून चालत नाही."

मी शिट्टी वाजवत होतो. पडलो की माझ्यातून बारीक शिट्टी निघत राहते, शोधणाऱ्याला ऐकू यावी म्हणून. वाऱ्यात ती बोरूच्या बाहेर गेलीच नाही. जोवर बॅटरी होती तोवर मी शिट्टी वाजवली आणि जोवर मी शिट्टी वाजवत होतो तोवर नाना बोलत होते. मग माझी बॅटरी संपली.

बांधावर काय झाले ते मी पुढे घरात ऐकले. विमानाची चाके टेकली आणि लगेच, शब्द दिला होता तसा, ताईचा फोन वाजला. "उघडलंय कुलूप," टॉवरच्या बाई म्हणाल्या. "सगळं आभाळ तुमचं. उडवा."

तेव्हा अजून चांगला उजेड होता. ताईच्या हातात रिमोट होता. भरलेली बॅटरी गाडीत होती. परवानगी आली तेव्हा उडायला मी नव्हतो.

अग्निशमनवाले आले, दोर बांधून बोरूत शिरले. हाका मारल्या. त्यांचा ड्रोन आला तोवर दिवस मावळला होता. त्यालाही माझ्यासारखाच ऊब पाहणारा डोळा होता. त्याने सगळे खाजण पालथे घातले. त्याला बगळे दिसले, शोधणारी माणसे दिसली. नाना दिसले नाहीत. जे गार पडते ते आम्हाला दिसत नाही.

सकाळी ओहोटी लागली. ऊन आले. तो खेकडेवाला म्हातारा झडपेवर उभा होता. त्याला लांब बोरूत काहीतरी चमकताना दिसले. तो चंदेरी कागद होता.

नानांनी बोरूचे शेंडे गोळा करून आपल्या कमरेच्या पट्ट्याने आवळले होते आणि त्या मोळीवर मला बसवले होते, पाण्याच्या वर. पट्ट्याला त्यांनी मारलेली गाठ दोरावरच्या माणसांची होती. मुलीचे नाव विसरलेल्या हातांना ती गाठ आठवली होती. बोरूला माणसाचे ओझे पेलत नाही. माझे पेलले. नाना त्या मोळीला धरून खाली होते.

ताईने काही लपवले नाही. चौकशीच्या खोलीत दोघांना विचारले, "कागद कुणी बांधला?"

"मी," पळ्या म्हणाला.

"उडवला मी," ताई म्हणाली.

तिचा परवाना काढून घेतला. तिने वाद घातला नाही. बाहेर पडताना टॉवरच्या बाई दाराशी उभ्या होत्या. ताईने त्यांना पहिल्यांदाच पाहिले. तिने एकच विचारले, "विमानातलं माणूस?"

"वाचली ती," बाई म्हणाल्या.

पळ्या आता पळत नाही. जिन्यावर त्याची पावले ओळखू येत नाहीत, इतकी सावकाश पडतात. मला दुरुस्त करू असे कोणी म्हणत नाही आणि टाकून देऊ असेही कोणी म्हणत नाही. चिमी कधी तरी स्टुलावर चढते आणि माझ्या पंख्यावर बोट फिरवते. मग ताई तिला खाली घेते.

कधी कधी कपाटापाशी येऊन ताई भावाला विचारते, "पळ्या, थांबलो असतो तर? विमान उतरेपर्यंत नाना होते का रे?"

"नसतील ग," पळ्या म्हणतो. "एवढं गार पाणी. लगेच गेले असतील. त्यांना काही कळलं नसेल." असे म्हणून तो तिला चहा करून देतो. ती चहा पिते. तिचा विश्वास बसत नाही, पण बसावा असे तिला वाटते.

मित्रांनो, मला ठाऊक आहे ती गोष्ट हीच. विमान उतरले तेव्हा नाना होते. कुलूप उघडले तेव्हा होते. त्यानंतरही, माझी बॅटरी संपेपर्यंत, ते माझ्याशी बोलत होते आणि दोराची वाट पाहत होते. हे ताईला सांगावे की सांगू नये, हे मला समजत नाही. मला तोंड नाही हे बरे आहे की वाईट, हेही समजत नाही.

तुमच्यातली पुष्कळ मुले मोठी होऊन माझ्या भावंडांना उडवतील. ती औषधे नेतील, शेते पाहतील, हरवलेल्यांना शोधतील. त्यांचे हात मोडले तर जोडा, पंखे झिजले तर बदला. पण त्यांच्या डोक्यावर काही बांधू नका. नियम आंधळा वाटेल, टॉवरमधला आवाज दगडाचा वाटेल, आणि तुमचे माणूस पाण्यात असेल. त्या वेळी माझी आठवण ठेवा. तुम्हाला थांबवत नाही, तुम्ही थांबू शकणार नाही हे मी पाहिले आहे. तरी सांगतो. नानांनी सांगितले होते, परवानगी हाच याचा दोर. दोर कापून खाली कोणाला उतरवता येत नाही आणि वरही ओढता येत नाही.

चिमीचे नाव शाळेत घातले त्या वर्षी, हिवाळ्यात, भरतीच्या संध्याकाळी, नाना खाजणात बुडून वारले.